एक हिट, एक धाव आणि हरलेला हेंडली

डावखुरा

मागच्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून दीड महिन्यासाठी आले होते. देवळं झाली, समुद्र झाला, आउटलेट मॉल दोनदा झाला. आता काय दाखवायचं म्हणून त्यांना डॉजर स्टेडियमवर घेऊन गेलो. चौथी इनिंग संपली तरी फलकावर दोन्ही बाजूंना शून्य. बाबा शेंगा सोलत होते. टरफलं पायाशीच टाकली तरी इथे कुणी ओरडत नाही हे कळल्यावर ते जरा खुलले होते, पण खेळाशी काही सूत जमत नव्हतं. शेवटी म्हणाले, "हे सुरू कधी होणार?"

म्हटलं, बाबा, सुरूच आहे. तो उंचवट्यावर उभा आहे ना, तो काही होऊच देत नाहीये.

"म्हणजे काही न होणं बघायला आपण पैसे दिले?"

परतताना फ्रीवेवर तासभर अडकलो. तेवढ्या वेळात त्यांना त्याच मैदानावरची ९ सप्टेंबर १९६५ची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. तो शेवटी सांगतो.

ज्यांना बेसबॉल अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: नऊ इनिंग, दर इनिंगला तीन बाद, म्हणजे एका संघाचे सत्तावीस. समोरच्या एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही, फटका मारून नाही, वॉक मिळून नाही, क्षेत्ररक्षकाच्या चुकीनेही नाही, तर तो परफेक्ट गेम. मेजर लीगच्या जवळजवळ दीडशे वर्षांत, २०२३ पर्यंत, असे २४ झाले.

त्या गुरुवारी रात्री लॉस एंजेलिस डॉजर्सकडून सँडी कोफॅक्स, वय २९, आणि शिकागो कब्जकडून बॉब हेंडली, वय २६. दोघेही डावखुरे (माझा या सामन्यावर जीव का, ते कळलं असेल). कोफॅक्स तेव्हा देशातला सगळ्यात मोठा पिचर, म्हणजे गोलंदाज. हेंडली त्याच मोसमात खालच्या लीगमध्ये जाऊन आलेला. प्रेक्षक २९,१३९, म्हणजे मैदान जेमतेम अर्धं भरलेलं.

चार इनिंग दोन्हीकडून काही नाही. एकही माणूस बेसवर नाही, ना यांचा ना त्यांचा. पाचव्या इनिंगमध्ये हेंडलीने लू जॉन्सनला वॉक दिला. रॉन फेअरलीने बंट करून, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात टाकून, स्वतः बाद होत त्याला दुसऱ्या बेसवर नेलं. मग जॉन्सन तिसऱ्या बेसकडे चोरून पळाला. कॅचर (आपला यष्टिरक्षक) क्रिस क्रुगने त्याला पकडायला चेंडू फेकला तो तिसऱ्या बेसवरच्या रॉन सँटोच्या डोक्यावरून थेट मागे मैदानात. जॉन्सन पळत घरी, म्हणजे बेसची फेरी पूर्ण, एक धाव. १-०. फटका एकही नाही.

हेंडलीचा नो-हिटर, म्हणजे एकालाही फटका मारून बेस (म्हणजे हिट) मिळू न देणं, तरीही चालूच होता. सातव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना पुन्हा तोच जॉन्सन आला. त्याच्या बॅटची कड लागून चेंडू पहिल्या बेसच्या मागे, कुणाच्याच हातात न येता, मऊसा पडला. जॉन्सन दुसऱ्या बेसवर पोचला आणि तिथेच राहिला. अख्ख्या सामन्यात, दोन्ही संघ मिळून, हिट म्हणाल तर ही एक. बेसवर पोचलेला माणूसही एकच, लू जॉन्सन, दोनदा. दोन्ही संघ मिळून इतक्या कमी हिट झालेला सामना मेजर लीगमध्ये दुसरा नाही.

इकडे कोफॅक्सचं गणित वेगळंच चाललं होतं. सातव्यात बिली विल्यम्सला पहिले तीनही चेंडू बाहेर पडले, आणखी एक पडला असता तर वॉक आणि सगळं संपलं. तिथून दोन स्ट्राइक काढले (बॅटरला न लागलेले चांगले चेंडू; असे तीन झाले की तो बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात) आणि विल्यम्स झेल देऊन परतला. आठव्यात सँटो, अर्नी बँक्स, बायरन ब्राउन, तिघेही स्ट्राइकआउट. नवव्यात क्रुग (हो, तोच, ज्याच्या थ्रोमुळे धाव गेली), मग जोई अमाल्फिटानो, मग हार्वी कीन. तिघेही स्ट्राइकआउट. शेवटचे सहाच्या सहा जण असेच गेले. एकूण सत्तावीसपैकी चौदा. ११३ चेंडू, एक तास त्रेचाळीस मिनिटं, खेळ खलास.

आणि बाबांचा प्रश्न: "मग त्या दुसऱ्याचं काय झालं?"

मला वाटतं या सामन्याबद्दल विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. सगळे कोफॅक्सबद्दल बोलतात आणि ते बरोबरच आहे. पण हेंडलीने फक्त एक हिट दिली, एक वॉक दिला, आणि हरला. त्याची एकही चूक दाखवता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कांदेपोहे_प्लस

मस्त लिहिलंय! बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तरी शेवटपर्यंत वाचलं. दोन बाळबोध प्रश्न. वॉक म्हणजे काय? आणि बेस "चोरतात" म्हणजे? पंच काय करत असतात तेव्हा?

डावखुरा

@कांदेपोहे, बाळबोध कसले, बाबांनीही हेच विचारले. बॅटरसमोर एक काल्पनिक चौकट असते, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंत. तिच्याबाहेरचे चार चेंडू बॅटरने सोडून दिले की त्याला पहिला बेस फुकट. तो वॉक. आपल्याकडे वाइडची एक धाव मिळते, इथे चार वाइड झाले की एक पाऊल पुढे.

चोरणं पूर्ण कायदेशीर आहे. आट्यापाट्या आठवा. पाटीवरच्याची नजर जरा हलली की आपण सुसाट पलीकडे. इथे पिचर चेंडू टाकतोय तेवढ्यात बेसवरचा पळतो. कॅचरने चेंडू त्याच्याआधी पोचवला तर बाद, नाहीतर जागा त्याची.

निर्धाव

नाशिककर असल्यामुळे मला इथे एकच नाव आठवणार. बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, इंग्लंडविरुद्ध. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. त्यात सलग २१ षटकं निर्धाव. मी तेव्हा सातवीत होतो. शेजारच्यांच्या रेडिओभोवती आम्ही पोरं जमायचो, आणि काकू वैतागून म्हणायच्या, "काही होत नसेल तर बंद करा, सेल संपतायत."

नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून ते त्यावर टप्पा टाकायचे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. खरं-खोटं देव जाणे, पण आम्हीही गल्लीत पाच पैसे ठेवून टाकायचो. पाच पैसे कुणीतरी उचलून न्यायचं.

डावखुरा, तुमच्या बाबांना सांगा, काही न होणं बघण्यात आपल्यालाही सराव आहे.

सरासरी_माणूस

विरजण घालायला आलो आहे, माफ करा.

गोलंदाजीचं एवढं कौतुक करताना काळ कुठला ते बघा. १९६३मध्ये स्ट्राइकची चौकट मोठी केली होती. पिचर उभा राहतो तो उंचवटा तेव्हा १५ इंच होता. पिचर इतके डोईजड झाले की १९६८मध्ये बॉब गिब्सनने १.१२ची सरासरी नोंदवली, म्हणजे नऊ इनिंगमागे जेमतेम एक धाव दिली, आणि मग १९६९पासून उंचवटा १० इंचांवर आणून चौकटही लहान करावी लागली. थोडक्यात खेळपट्टीच फिरकीची होती.

दुसरं, कब्ज त्या वर्षी ७२ जिंकून ९० हरले, दहांत आठवे. त्या रात्री डॉन यंग आणि बायरन ब्राउन या दोघांचा पहिलाच मेजर लीग सामना. पदार्पणात समोर कोफॅक्स!

आणि डॉजर्सची फलंदाजी म्हणजे आनंदीआनंद. १९६५मध्ये अख्ख्या संघाचे मिळून ७८ होमरन, लीगमध्ये सगळ्यात कमी. हेंडलीने एक हिट दिली यात त्याचं कौतुक किती आणि डॉजर्सचा दुष्काळ किती?

डावखुरा

@सरासरी, आकडे बरोबर. पण त्याच कब्जच्या तीन, चार, पाच नंबरला बिली विल्यम्स, सँटो आणि बँक्स होते. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. बँक्सला त्या रात्री कोफॅक्सने तीनदा स्ट्राइकआउट केलं. नवख्यांनी भरलेला संघ होता असं नव्हे.

उंचवट्याचं म्हणाल तर तो सगळ्यांनाच १५ इंच होता. मग सगळ्यांनी परफेक्ट गेम का नाही टाकले?

डॉजर्सच्या फलंदाजीबद्दल मात्र हात जोडले. तिथला दुसरा मोठा पिचर डॉन ड्रायस्डेल. एकदा तो संघासोबत नसताना त्याला कुणीतरी सांगितलं की कोफॅक्सने नो-हिटर टाकला, तर त्याने विचारलं, "पण जिंकला का?" असा किस्सा सांगतात. १९६५मध्ये त्या संघात तीनशेच्या सरासरीने, म्हणजे हजारात तीनशे वेळा हिट मारून, बॅटिंग करणारा हाच, पिचर!

घर्षण

चेंडू वळतो कसा यावर इथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून थोडं शास्त्र. झोप येणाऱ्यांनी पुढचा प्रतिसाद गाठावा.

क्रिकेटचा चेंडू स्विंग होतो तो शिवण तिरकी धरल्यामुळे आणि एक बाजू चकचकीत, एक खडबडीत ठेवल्यामुळे. दोन बाजूंनी हवा वेगवेगळी सुटते. बेसबॉलला चमक वगैरे भानगड नाही. चेंडूला थुंकी किंवा काही चोपडायला १९२०पासून बंदी आहे, आणि जरा मळला की पंच नवा काढून देतात. तिथे सगळा खेळ फिरकीचा. चेंडू फिरताना आपल्याबरोबर हवा ओढतो आणि त्यातून एका बाजूला ढकलला जातो. उलटी फिरकी दिली की चेंडू अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो, बॅटरला वाटतं वर उसळला. सुलटी दिली की अपेक्षेपेक्षा जास्त बुडतो.

कोफॅक्सकडे मुख्यतः हे दोनच. वेगवान चेंडू जो पडत नाही, आणि कर्व्ह जो थेट वरून खाली कोसळतो. हात डोक्यावरून सरळ यायचा, बोटं विलक्षण लांब. पिचर ते बॅटर अंतर ६० फूट ६ इंच, आणि पिचर पुढे झेपावून टाकतो त्यामुळे त्याहूनही कमी. वेगवान चेंडू पोचायला जेमतेम ०.४ सेकंद. पडणारा की न पडणारा, हे त्यातल्या पहिल्या अर्ध्यातच ठरवावं लागतं. त्याच्या कर्व्हची चाहूल हाताच्या ठेवणीवरून लागायची असं बॅटर सांगायचे, आणि तरी लागत नव्हता. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. पेपर फुटलेला आहे आणि तरी सगळी मुलं नापास.

वरणभात_आणि_बॅट

घर्षण, क्या बात है. माझी एक भर: हा माणूस सुरुवातीला नुसता वेडावाकडा फेकायचा. १९५५ ते १९६० या सहा मोसमांत त्याचे ३६ विजय, ४० पराभव. १९६१च्या सराव शिबिरात नॉर्म शेरी नावाच्या कॅचरने त्याला सांगितलं, जरा हळू टाक. सगळा जोर लावू नकोस. त्यानंतरच्या सहा मोसमांत १२९ विजय, ४७ पराभव. आमच्या तबल्याच्या सरांनी मला हेच अकरा वर्षं सांगितलं, माझं काही झालं नाही.

मिरचीकोल्हापुरी

कोफॅक्सच्या कोपराबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? त्या मोसमाच्या सुरुवातीलाच त्याचा डावा हात सुजून काळानिळा पडला होता. संधिवात. डॉजर्सचे डॉक्टर रॉबर्ट कर्लन यांनी धोक्याची सूचना दिलेली. पुढचा सगळा मोसम तो कॉर्टिझोनची इंजेक्शनं, घोड्यांना देतात त्या ब्युटाझोलिडिनच्या गोळ्या आणि कॅप्सोलिन नावाच्या मलमावर खेळला. सामना झाला की कोपर बर्फाच्या पाण्यात.

आता कॅप्सोलिन कशापासून बनायचं? मिरचीपासून! खांद्याला-पाठीला चोपडायचा. इतकं जहाल की दुसऱ्या खेळाडूच्या अंगाला त्याचा सदरा लागला तरी डोळ्यांतून पाणी. आमच्याकडे याला मलम म्हणत नाहीत, रस्सा म्हणतात.

या अशा हाताने १९६५मध्ये ३३५ इनिंग आणि वर दोन बाद, २६ विजय, ३८२ स्ट्राइकआउट.

आईशप्पथ_सॅन_होजे

मिरचीकोल्हापुरी, हसले पण पोटात गोळा आला. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, पिचर आहे. गेल्या वर्षी एका संघाच्या कोचने शनिवारी टाकायला लावलं आणि दुसऱ्या संघाच्या कोचने रविवारी. दोघांना एकमेकांचं माहीत नाही असं दोघांचंही म्हणणं. सोमवारी पोराला दप्तर उचलवेना. "आई, कोपर आतून दुखतंय." डॉक्टरांनी तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. नशीब म्हणायचं, आतलं बंधन (लिगामेंट) फाटलं नव्हतं.

लिटल लीगमध्ये आता चेंडू मोजतात. ११-१२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५, आणि ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस सक्तीची विश्रांती. पण मोजणी एका लीगची दुसऱ्या लीगला कळते कुठे! तेव्हापासून मी कंपाउंडजवळ वही घेऊन बसते. बाकीच्या आया गप्पा मारतात, मी रेघा मारते. कोफॅक्सचे ११३ वाचून मला आधी त्याची आई आठवली.

डावखुरा

@आईशप्पथ, वही सोडू नका.

कोपराचं ते फाटलेलं बंधन दुरुस्त करायची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली सप्टेंबर १९७४मध्ये, डॉजर्सच्याच टॉमी जॉन या आणखी एका डावखुऱ्यावर. तो १९७६मध्ये परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. कोफॅक्सचं दुखणं वेगळं होतं, पण त्याच्या काळी कोपर गेलं की माणूस घरी, एवढंच ठाऊक होतं. नोव्हेंबर १९६६मध्ये, सत्तावीस विजयांच्या मोसमानंतर, त्याने वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडला. आयुष्यभर हात वापरता आला पाहिजे, असं त्याचं सरळ कारण होतं.

तारीख_पे_तारीख

अवांतर: सामना संपला तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये रात्रीचे ९:४६ झाले होते. ही वेळ इतकी पक्की माहीत आहे कारण समालोचक विन स्कली यांनी नवव्या इनिंगमध्ये रेडिओवर घड्याळ आणि तारीख सांगून ठेवली. मैदानात बसलेले लोकही तेव्हा कानाशी ट्रान्झिस्टर धरून त्यांनाच ऐकायचे. समोर दिसतंय ते स्कलींकडून ऐकल्याशिवाय खरं वाटायचं नाही!

आपल्याकडे तेव्हा १० सप्टेंबरची सकाळ, सव्वादहा. खेमकरणजवळ असल उत्तरला रणगाड्यांची लढाई चालू होती. अब्दुल हमीद त्याच दिवशी धारातीर्थी पडले. आपल्या घरांतले रेडिओही त्या वेळी लावलेलेच असणार, बातम्यांसाठी.

निर्धाव

तारीख, बरोबर. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले होते आम्ही. रात्री अभ्यास नाही म्हणून पोरं खूश. लाज वाटते आता.

सीमारेषा

स्कलींचं ते नवव्या इनिंगचं समालोचन जरूर ऐका. मध्येच चेंडू टाकताना कोफॅक्सची टोपी पडते, आणि स्कली म्हणतात की आत्ता त्याने चेंडू टाकला नाही, फेकला. जोर लावायला गेला. वर नॉर्म शेरीचं आलंय, त्याच्याशी जोडून ऐका म्हणजे गंमत कळेल. आणि शेवटच्या स्ट्राइकनंतर स्कली बराच वेळ गप्प बसतात, नुसता गर्दीचा आवाज येऊ देतात. आपल्याकडच्या समालोचकांना कुणीतरी हे ऐकवा हो.

आणखी एक, शेवटचा बॅटर हार्वी कीन. १९६३मध्ये कोफॅक्सने जायंट्सविरुद्ध नो-हिटर टाकला तेव्हाही शेवटचा बाद कीनच होता. बिचाऱ्याला नवव्या इनिंगमध्ये बदली म्हणून पाठवताना काय वाटलं असेल!

कांदेपोहे_प्लस

म्हणजे काय, तीन वर्षांत हा त्याचा दुसरा नो-हिटर?

सीमारेषा

चौथा. १९६२, ६३, ६४, ६५. दर वर्षी एक, गणपतीसारखा.

मिड_ऑफ_मिडवेस्ट

आता भांडण लावतो. १३ एप्रिल २०२२, मिनियापोलिस. क्लेटन कर्शॉ, डॉजर्स, डावखुरा. सात इनिंग परफेक्ट, १३ स्ट्राइकआउट, फक्त ८० चेंडू. आणि व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्सने त्याला बाहेर काढलं! मी थंडीत कुडकुडत स्टँडमध्ये होतो. यजमान संघाचे प्रेक्षकसुद्धा ओरडत होते. तोवरच्या इतिहासात दोन डझनदेखील न झालेली गोष्ट, सहा बाद दूर, आणि तुम्ही माणूस बदलता?

आईशप्पथ_सॅन_होजे

बरोबर केलं. आधीच्या मोसमात कोपर दुखावलेला माणूस, एप्रिलची थंडी, सरावही अपुरा. कर्शॉ स्वतःसुद्धा त्यावर रडला नाही, तुम्ही कशाला रडता?

मिड_ऑफ_मिडवेस्ट

मी तिकिटाचे पैसे दिले होते म्हणून.

सरासरी_माणूस

इथे मी आईशप्पथ यांच्या बाजूने. पण दुसरी बाजूही बघा. २०२५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीत, डॉजर्सच्याच यामामोतोने दुसरा सामना एकट्याने पूर्ण टाकला, सहावा सुरू केला, आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात पुन्हा उंचवट्यावर. अकराव्या इनिंगमध्ये सामना जिंकून दिला. म्हणजे एप्रिलमध्ये जपायचं ते ऑक्टोबरमध्ये उधळायला. कोफॅक्सच्या काळात जपणं हा प्रकारच नव्हता. १९६५चा सातवा सामना तो दोन दिवसांच्या विश्रांतीवर खेळला. कर्व्ह चालत नव्हता म्हणून जवळजवळ नुसत्या वेगवान चेंडूंवर २-० जिंकला. आणि त्या सिरीजचा पहिला सामना योम किप्पुरच्या (ज्यूंचा सगळ्यात पवित्र दिवस, कोफॅक्स ज्यू) दिवशी होता म्हणून तो खेळलाच नव्हता! धर्मासाठी एक दिवस सोडला, कोपरासाठी नाही.

गुगली_मावशी

हेंडलीकडे कुणी परत येणार का? डावखुरा यांनी विचारलंय काय आणि चाललंय काय!

आपल्याकडे असे हेंडली आहेत. सुभाष गुप्ते, कानपूर १९५८, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या डावात १०२ धावांत ९ बळी. सामना आपण २०३ धावांनी हरलो. आणि आत्ताचं म्हणाल तर एजाझ पटेल. मुंबईत जन्मलेला पोरगा न्यूझीलंडकडून वानखेडेवर आला, डिसेंबर २०२१, एका डावात दहाच्या दहा बळी. त्याच्या संघाने त्यानंतर किती केले? ६२. हरले ३७२ धावांनी. मी तेव्हा स्टँडमध्ये उभी राहून टाळ्या वाजवत होते आणि शेजारचे काका विचारत होते, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?"

वरणभात_आणि_बॅट

मावशी, गुप्ते नि एजाझ हरले पण निदान त्यांच्या संघांनी सामना हातचा घालवला तो ढिगाने. बेसबॉलमधला खरा सुळावर गेलेला माणूस हार्वी हॅडिक्स. पिट्सबर्ग, २६ मे १९५९, मिलवॉकीविरुद्ध. तोही डावखुरा! बारा इनिंग परफेक्ट. सलग ३६ बाद. त्याच्या संघाने समोरच्या ल्यू बर्डेटला बारा हिट मारल्या आणि धाव एकही नाही. तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकचा थ्रो चुकला, परफेक्ट गेम गेला. मग हँक ॲरनला मुद्दाम वॉक, मग जो ॲडकॉकचा फटका, सामना गेला, १-०. वर कडी म्हणजे १९९१मध्ये लीगने व्याख्या बदलून नोंदवहीतूनही काढलं. बारा हिट मारणारे हरले, एक हिट मारणारे जिंकले.

घर्षण

दोन्ही सामन्यांत निकाल ठरवला तो क्षेत्ररक्षकाच्या थ्रोने, हे कुणाच्या लक्षात आलं का? क्रुग आणि होक. पिचर इतकं करतात की सामना कागदासारखा पातळ होतो, आणि मग कुणाचं तरी नख लागून फाटतो.

डावखुरा यांच्या लेखात एक बारीक दुरुस्ती. फेअरलीचा बंट हेंडलीच्या हातून क्षणभर निसटला होता. नीट सापडला असता तर त्याने दुसऱ्या बेसवर टाकून जॉन्सनलाच बाद करायचा प्रयत्न केला असता. मग चोरी नाही, थ्रो नाही, धाव नाही. "त्याची एकही चूक दाखवता येत नाही" हे वाक्य जरा सैल आहे.

डावखुरा

@घर्षण, मान्य. वाक्य मागे घेतो, पण जिवावर आलंय. पाव सेकंदाची चूक.

@गुगली मावशी, आभार. तुमचा प्रतिसाद काल रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवला. गुप्ते म्हटल्यावर दहा मिनिटं त्यांचंच चाललं, मला मध्ये बोलता येईना. मग त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं, गाडीत असताना मला ते माहीत नव्हतं. पाच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, शिकागोच्या रिग्ली फील्डवर पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. कोफॅक्स विरुद्ध हेंडली. या वेळी हेंडली जिंकला, २-१. पुढे खेळ सोडल्यावर तो जॉर्जियात आपल्या गावी, मेकनला गेला आणि शाळेतल्या मुलांना बेसबॉल शिकवत राहिला.

बाबा म्हणाले, "हं. मग बरंय." आणि दूधवाला आला म्हणून फोन ठेवला.

गुगली_मावशी

२-१! हे आधी नाही का सांगायचं? दोन दिवस जीव टांगणीला.

मिड_ऑफ_मिडवेस्ट

डावखुरा, बाबा परत आले की इकडे मिनियापोलिसला घेऊन या. शेंगा माझ्याकडून. पण सातव्या इनिंगनंतर माणूस बदलला तर मला जबाबदार धरायचं नाही.

कांदेपोहे_प्लस

काल पहिल्यांदाच अख्खा सामना पाहिला. ११-९. कळला सगळा, पण मला वाटतं मी चुकीचा निवडला.